हिरव्या लुगड्याचा आडोसा

तलावाचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात आम्ही हरभरा पेरतो. थंडीत तिथं पट्टेवाले हंस उतरतात आणि कोवळा पाला खातात. लोक फटाके लावून त्यांना उठवतात. माझी बायको मनुबाई उठवत नसे. फौजेत असताना मी लडाखच्या तळ्यावर हेच हंस पिलांसकट पाहिले होते. तिला ते सांगितलं, तेव्हापासून ती म्हणायची, "आवं, तुमच्या लडाखचं पाव्हणं हायती. खाऊ द्या."

त्यांचा एक फोटो भिंतीवर लावायचा, असं तिच्या मनात होतं. लग्नाचे फोटो काढणाऱ्या म्हसवडच्या एकाकडून मी जुना कॅमेरा आणि लांबची लेन्स घेतली. हंस यायच्या आत, पावसाळ्यातच ती गेली.

मल्हार, माझा मुलगा, उद्या मला पुण्याला नेणार होता. एकट्याला इथं ठेवत नाही म्हणाला. फोटोसाठी ही एकच सकाळ उरली होती.

हंस माणूस दिसला की उडतात, म्हणून आडोसा लागतो. चार काठ्या रोवल्या आणि मनुबाईचं शेतात नेसायचं हिरवं लुगडं भोवती गुंडाळलं. रंग हरभऱ्याचाच होता. पुण्याला बरोबर न्यायला तेवढंच मी बाजूला ठेवलं होतं. मध्ये फट ठेवून आत पाटावर बसलो.

उजाडताना हंस उतरले. मला वाटलं, पाण्याजवळ चरतील. पण ते चालत थेट माझ्याकडं आले. ते लुगडं त्यांच्या ओळखीचं होतं. त्या लुगड्यातल्या बाईनं त्यांना कधी ढेकूळसुद्धा मारलं नव्हतं.

माझ्या लेन्सला फार जवळचं दिसत नाही. कॅमेऱ्यातून नुसता पांढरा धूर दिसायचा. डोळा काढला की डोक्यावरचे दोन काळे पट्टे स्पष्ट. हलावं तर उडणार, न हलावं तर फोटो नाही. पाय बधिर झाले. खिशात साधा बटणांचा फोन थरथरत होता, मल्हारचाच असणार. खोकला आला. मी लुगड्याचं टोक तोंडात कोंबलं. त्याला अजून चुलीच्या धुराचा वास होता. एक हंस लुगड्याला चोचीनं ओढून बघत होता. मी तसाच बसून राहिलो.

शेजारच्या रानात फटाका वाजला. सगळे एकदम उठले. मला उभंसुद्धा राहता आलं नाही.

त्या रानाचा नानासो येऊन मला धरून उठवू लागला. "घावला का रं फोटू?"

"न्हाई. लय जवळ आलं."

"जवळ आलं म्हणून न्हाई? तुझं सगळंच उलटं, गड्या." तो काठ्या उपटायला वाकला.

"राहू दे त्ये."

"लुगडं पुण्याला न्हेणार हुतास न्हवं?"

"न्हेणार हुतो. पाव्हणं जाईस्तवर राहू दे. माझा हरभरा खाऊ देत त्यास्नी."

"आन् मी माझ्या बुजगावण्यासाठी लुगडं पळवलं तर?"

"पळव की. त्ये वळखून समदी तुझ्या रानात येतील."

तो हसला. काठ्या तशाच ठेवल्या, एक हलत होती ती दगडानं ठोकून बसवली.

दुसऱ्या दिवशी गाडी तलावाच्या बंधाऱ्यावरून निघाली. मी काच खाली केली. हिरवं दिसतंय का बघत होतो. "आबा, धूळ येते," म्हणत मल्हारनं त्याच्या बाजूचं बटण दाबलं. काच वर गेली. माझ्या बाजूचं बटण मी दोनदा दाबलं, पण त्यानं तिकडूनच ते बंद केलं होतं.