माठाचे देठ आणि माझी दोन पारडी

मी एक जुना पितळी तराजू आहे. मित्रांनो, अथेन्स शहर कसं आहे ते मला विचारा! आमचा भाजीबाजार रोज नव्या वस्तीत भरतो आणि चाळीस वर्षं मी भाजीवाल्या पागोनाबाईंबरोबर त्यात हिंडलो आहे.

कोलोनाकीच्या चढावर कुत्र्याला कडेवर घेऊन येणाऱ्या बायका माठाचे फक्त कोवळे शेंडे मागतात. केसारियानीतल्या आज्या भोपळ्याची फुलं नेतात आणि वर मूठभर घेतल्याशिवाय हलत नाहीत. किप्सेलीत तर दहा देशांची माणसं एका रस्त्यावर राहतात. "पागोनाचा काटा खोटं बोलत नाही," असं सगळीकडे म्हणत. मग विजेचा काटा आला आणि माझ्या पारड्यांत सुतळी नि गंजका चाकू पडून राहिला. मला फार लागलं ते.

या उन्हाळ्यात बाईंचा गुडघा धरला. लेकीला, आर्गिरोला, त्या म्हणाल्या, "हा आठवडा तू सांभाळ. जमलं तर बाजारातली जागा तुझी. नाही जमलं तर जागा सोडते, आणि हा तराजूही भंगारात देते."

शुक्रवारी कोलोनाकीत शेंड्यांवर उड्या पडल्या. आर्गिरो हरखली. दुसऱ्या दिवसाचा सगळा माठ तिनं आधीच छाटून ठेवला आणि देठ कोंबड्यांसाठी पोत्यात भरून टेम्पोत टाकले.

दुसऱ्या दिवशी किप्सेलीत बायका टोपलीत डोकावायच्या नि पुढे जायच्या. दुपार झाली, शेंडे मलूल पडले, आर्गिरोचा चेहराही. मला वाटलं, संपलं आपलं. तेवढ्यात नायजेरियाच्या इफेओमाबाई थांबल्या.

"अगं पोरी, देठ कुठायत?"

"देठ? ते कोण खातं, मावशी?"

"कोण म्हणजे? आम्ही! माशाच्या रश्श्यात देठच तर लागतात. माठ विकायला बसलीस आणि स्वतःच माठ निघालीस की!"

आमच्याकडेही मठ्ठ माणसाला याच भाजीच्या नावानं चिडवतात. अख्खा बाजार हसला. आर्गिरो लाजली, मग स्वतःही हसली आणि टेम्पोतलं पोतं ओढून आणलं. तासाभरात पोतं रिकामं झालं!

घरी गेल्यावर तिनं मला लिंबानं घासलं. तेव्हापासून माझ्या एका पारड्यात शेंडे असतात, दुसऱ्यात देठ. गिऱ्हाईक बोट दाखवतं, आर्गिरो तेवढं कापते.

सोमवारी पागोनाबाई काठी टेकत बाजारात आल्या. "हे भंगार कुणी घासलं गं?"

"भंगार नाही, आई. दुकानाची पाटी आहे ती."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या टोपल्यांकडे. "मग नीट टांग," म्हणाल्या आणि जागेचा परवाना तिच्या हातात दिला.

मित्रांनो, मला अधूनमधून लिंबानं पुसत जा, एवढं मागतो. आणि गिऱ्हाईकाला विचारल्याशिवाय देठ फेकू नका.