किटलीखाली गेलेली फुली

मित्रांनो, मी गॅसच्या कारखान्यातला एक जुना फ्लॅश ड्रम आहे. म्हणजे जाड पोलादाची उभी टाकी. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका. तुमच्या शेगडीत जळणारा प्रोपेन माझ्यासारख्याच्याच पोटातून आलेला असतो.

माझं काम ऐका. दाबाखालचा पातळ प्रोपेन माझ्याकडे येतो तेव्हा त्यात हलके वायू दडून बसलेले असतात. माझ्या दाराशी एक झडप आहे. ती ओलांडली की दाब एकदम उतरतो, सोड्याची बाटली उघडल्यासारखं सगळं फसफसतं आणि हलके वायू वरच्या नळीने पळ काढतात. खाली उरतो तो चोख प्रोपेन, तो बुडाच्या नळीने बाहेर पडतो. या धांदलीत मी इतका गार होतो, की भर उन्हात माझ्या अंगावरून पाण्याचे ओघळ वाहतात. या घामाचा मला भारी अभिमान आहे.

ज्या वेल्डरबाईंनी मला जोडलं, त्यांनी शेवटी माझ्या बुडात, बाहेर जाणाऱ्या नळीच्या तोंडावर, दोन पट्ट्यांची एक लोखंडी फुली बसवली. "ही आहे तोवर तुझ्या पोटात भोवरा व्हायचा नाही," असं म्हणून त्यांनी मला थोपटलं. ते मी कधी विसरलो नाही.

पुढे वर्षानुवर्षं मी राबलो. फिटरदादा मला म्हातारबा म्हणत. प्रयोगशाळेतल्या ताई माझ्या प्रोपेनचा नमुना तपासून त्यांना सांगत, "दादा, सगळ्या ड्रममध्ये तुमचा म्हातारबा आजही पहिला आला." मी वरवर गप्प असे, पण आतून नुसता फुलून जाई.

मग एकदा माझी साफसफाई निघाली. मला रिकामं केलं, आत मोकळी हवा खेळवली आणि बूड घासता यावं म्हणून फुली काढून बाहेर ठेवली. ती परत बसवायची हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने बसवली असेल. माझं झाकण लागलं आणि फुली बाहेरच राहिली.

काम सुरू झालं आणि माझ्या पोटात भोवरा फिरू लागला. वर जायचे वायू प्रोपेनबरोबर खाली ओढले जाऊ लागले. बुडाशी गुडगुड ऐकू येई. ताईंचे नमुने एकामागून एक नापास झाले. मला कारण कळत होतं, पण सांगायला तोंड कुठे होतं?

"वय झालं त्याचं," मोठे साहेब म्हणाले. "नवा मागवू."

"साहेब, एकदा उघडून बघू या," फिटरदादा म्हणाले.

"आता काय बघायचं त्यात?"

मला बंद केलं. कोरड्या पडलेल्या माझ्या पोटावर कुणीतरी खडूने लिहिलं, भंगार. मित्रांनो, त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

पुढचं मला दादांनीच सांगितलं. ताई विश्रांतीच्या खोलीत कप विसळत होत्या. बेसिनमधलं पाणी गरगर फिरत गुडगुडलं आणि ताईंचे हात थांबले. हाच आवाज त्यांनी नमुना घेताना माझ्या बुडाशी ऐकला होता. त्यांनी भोकावर चमचा आडवा धरला. भोवरा मोडला आणि गुडगुड थांबली.

"दादा, म्हातारबाच्या बुडाशी काही आडवं बसवलेलं असतं का हो?"

"फुली असते ना," असं म्हणत दादा चहा ओतायला वळले आणि जागच्या जागी थिजले. टेबल पोळू नये म्हणून गरम किटली ज्या लोखंडावर ठेवली होती, ती माझीच फुली होती.

"मीच ठेवली होती," ते हळूच म्हणाले. "किटली टेकायला बरी वाटली, कसली आहे ते बघितलंच नाही."

साहेबांनी आता आडकाठी केली नाही. फुली बसवताना दादा पुटपुटले, "म्हातारबा, चुकलं रे." मी केव्हाच माफ केलं होतं.

झडप उघडली. पोटात फसफस उठली, वायू वर गेले, बुडाशी मात्र सारं शांत. ताई नमुना तपासून धावतच आल्या. "पहिला आला! साहेब, पहिला आला!" साहेबांनी नव्या ड्रमची मागणी तिथेच रद्द केली आणि माझ्या पोटावर हात ठेवला. हात ओला झाला. मला घाम फुटला होता. खडूची अक्षरं विरघळली, भंगार हा शब्द ओघळत माझ्या पायाशी आला आणि मातीत जिरला.

तेव्हा मित्रांनो, काहीही उघडलंत तर झाकण लावण्याआधी बाहेर काय उरलं ते बघा. आणि कुणाला निकामी म्हणण्याआधी, त्याचं काही आपणच काढून ठेवलं नाही ना, एवढं तपासा. आमची किटली आता लाकडी फळीवर बसते. माझी फुली माझ्याजवळ आहे आणि मी आजही पहिला येतो.