नारळ फोडलेला संगणक

एक कातडी चप्पल, नऊ नंबर, करकरणारी.

म्हशीला धारेची वेळ कळते. ती थांबत नाही.

कागलहून आलेली जीप. जीपमध्ये आण्णा, त्यांची मुलगी मोना आणि पेढ्यांचा बॉक्स.

कळफलकावर हळदकुंकू.

हळदकुंकू एका आजीने वाहिले होते. तालमीसमोरच्या मांडवात गर्दी मावत नव्हती. मशीन देवासारखे, म्हणून सगळ्यांच्या चपला मांडवाबाहेर. पडद्याला हार, हारापुढे नारळ आणि नारळामागे हे मशीन घेऊन आलेला यज्ञेश्वर: अंगात कोट, कपाळाला गंध, गळ्यात पेनड्राइव्ह.

"गुन्हा घडायच्या आधी गुन्हेगाराचं नाव सांगतं!" तो गरजला. "पूर्वी ऋषी ध्यान लावायचे, आता आमचं मशीन लावतं! बोला, डेटा महाराज की..."

"जय!"

पडद्यावर अक्षरे उमटली.

*भावी चोर: गुंडू. खात्री: ९४ टक्के.*

गुंडू म्हणजे याच तालमीतला पैलवान. घरी दोन म्हशी, आणि मोनाशी ठरत आलेले लग्न. सुपारी आज फुटायची होती. आण्णांनी पेढ्यांचा बॉक्स मांडीखाली सरकवला.

"पावणं, मी कुणाचं काय चोरलं?" गुंडूचा आवाज चिरकला.

"अजून नाही चोरलंस. चोरशील!"

"मग चोरल्यावर सांगा की!"

गर्दी हसली. आण्णा हसले नाहीत. "मशीन काय खुळं हाय व्हय? मोना, ऊठ. जीपमधी बस."

मोना उठली नाही. तिने शेजारी बसलेल्या अंतरा मॅडमना कोपर मारले. मॅडम तिच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत.

"मशीन काय बघून सांगतं?" मॅडमनी विचारले.

"तालमीच्या दारातला कॅमेरा. सहा महिने अखंड!"

"दाखवा की."

पडद्यावर गुंडू तालमीतून बाहेर येतो, दुसऱ्याच्या चपला घालतो, पळतो. पुन्हा येतो, वेगळ्या चपला, पळतो. *चोरी. चोरी. चोरी.*

"आरं, धारंची वेळ ती!" गुंडू ओरडला. "दारात दिसंल ती चप्पल पायात घालायची न् पळायचं. तालमीत सगळीच घालत्यात!"

"माझी बी नेलीस की रे!" मागून कोणीतरी.

"आणून बी ठेवली की!"

"परत आणलेल्या चपला मशीन का मोजत नाही?" मॅडम म्हणाल्या.

"परत आणणं हा गुन्हा नाही," यज्ञेश्वर अभिमानाने म्हणाला. "आम्ही फक्त गुन्हे मोजतो."



"कॅमेरा जरा इकडं वळवा. मांडवाच्या दाराकडं," मॅडम म्हणाल्या.

वळवला. सगळे पडद्याकडे बघत बसले. एवढ्यात आण्णांचे तोंड तंबाखूने भरले. ते लगबगीने उठले, दारात दिसल्या त्या चपला पायात सरकवल्या आणि करकरत गटाराकडे गेले.

*भावी चोर: अनोळखी, पांढरी टोपी. खात्री: ९६ टक्के.*

"जावयापेक्षा दोन टक्के जास्त!" कोणीतरी किंचाळले, आणि मांडव हसून लोळला.

आण्णांनी वळून पडद्याकडे पाहिले, मग पायांकडे. "आयला! ह्या कुणाच्या?"

"माझ्या," गुंडू म्हणाला. "असू द्या आण्णा. निवांत थुकून या."

मॅडम उभ्या राहिल्या. "कॅमेरा जिथं, चोर तिथं. बाकी गावाकडं बघितलंच नाही, म्हणून बाकी गाव साधू. आकडे जरूर वापरा. पण चोर कोण हे त्यांना विचारू नका. गावातल्या मोटरसायकली कुठल्या अंधारातनं चोरीला जातात ते विचारा आणि तिथं दिवा लावा. आणि मशीननं कुणाचं नाव घेतलंच, तर त्याला विचारल्याशिवाय त्याची सुपारी मोडू नका."

एवढेच. मशीन वाईट नव्हते. वाईट होता तो हार, कारण हार घातलेल्याला कोणी प्रश्न विचारत नाही. तो आधी काढा.

आजीने पडद्यावरचा हार काढला आणि मॅडमच्या गळ्यात घालायला निघाली. मॅडम पळाल्या.

आण्णा परत आले. चपला जिथे होत्या तिथे जोडीने ठेवल्या आणि मांडीखाली सरकवलेला बॉक्स शोधून उघडला. पेढे चेपले होते. पहिला गुंडूला दिला.

सहा महिन्यांपूर्वी कॅमेरा तालमीच्या दारात बसवला, कारण साऱ्या गल्लीत मोकळा प्लग तिथेच होता.