पायाखालचा नकाशा

मित्रांनो, नकाशा म्हटलं की तुम्हाला भिंतीवर खिळ्याला लटकलेला कागद आठवत असेल. मी तसा नाही. मी अहेरीच्या एका शाळेच्या आवारात, कडुनिंबाच्या सावलीत, जमिनीवर आडवा पसरलेला जुना नकाशा आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे माझ्या अंगावर आहेत. विटांचे तुकडे, मुरूम, वाळू आणि सिमेंट यांचा मी बनलो आहे. माझे डोंगर गुडघ्याला लागतात आणि माझ्या नद्यांतून बोट फिरवता येतं.

माझा जन्म एका चुकीच्या उत्तरातून झाला. सईदा मॅडम नववीला भूगोल शिकवत. भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "पैनगंगा कोणत्या दिशेला वाहते?"

बुधू नावाचा मुलगा बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "ते वाहतच नसन मॅडम. वैनगंगा वरून खाली येते. पैनगंगा तं आडवी पडून आहे."

वर्ग हसला. मॅडमही हसल्या, पण त्यांनी बुधूला खाली बसवलं नाही. "चूक तुझी नाही, नकाशाची आहे," त्या म्हणाल्या. "तो भिंतीवर उभा आहे ना. आपण त्याला निजवू."

मॅडमचे धाकटे भाऊ फारूक गवंडीकाम करत. रविवारी ते थापी आणि ओळंबा घेऊन आले. मुलांनी घमेल्यांनी वाळू आणली. उत्तर दिशा मॅडमनी होकायंत्राने ठरवली, म्हणजे माझं उत्तर खऱ्या उत्तरेलाच आलं. सगळं नीट झालं होतं. फक्त फारूकभाऊंचा हात आयुष्यभर अंगणं घालण्यात मुरलेला. जमीन दिसली की ते नालीकडे ढाळ देत. मलाही त्यांनी तसाच ढाळ दिला, आणि शाळेची नाली होती उत्तरेला.

पहिल्या दिवशी मुलांनी वडशाजवळ वैनगंगेत बादली ओतली. पाणी दक्षिणेला जायचं सोडून मागे फिरलं आणि नालीपलीकडच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरलं.

"फारूक, नदी उलटी गेली," मॅडम म्हणाल्या.

"नाली तिकडंच आहे ना आपा. मी तं बराबर ढाळ देला."

"नदीला नालीत सोडायचं होतं का आपल्याला?"

"मंग आधी सांगाचं होतं. मले काय मालूम वैनगंगेले कुठी जायाचं आहे ते."

मॅडमनी मला फोडू दिलं नाही. कोणती बाजू किती उचलली म्हणजे सगळ्या नद्या आपापल्या वाटेने जातील, हे त्यांनी वर्गालाच शोधायला लावलं. मुलं पाणी ओतत, चुकत, पुन्हा मुरूम भरत. अखेर वैनगंगा वर्धेला भेटली, दोघींची प्राणहिता झाली आणि सिरोंच्याजवळ गोदावरीला जाऊन मिळाली. पैनगंगाही आडवी वाहत आली आणि वर्धेत उतरली. बुधू तिच्या काठावर उकिडवा बसून पाहत होता. त्याने पुन्हा पुन्हा पाणी ओतलं.

तेव्हापासून शाळेत एक रीत पडली. नवीन मूल वर्गात आलं की ते आपल्या गावाहून एक दगड आणतं. कोणती नदी जवळ, कोणता डोंगर दिसतो, यावरून आपलं गाव माझ्यावर शोधतं. तिथे ओल्या सिमेंटमध्ये दगड बसवतं आणि अनवाणी उभं राहून तांब्याभर पाणी ओततं. ते पाणी जिकडे जाईल तिकडे सगळा वर्ग चालत जातो.

एकदा गडचांदूरहून आलेल्या कैफने पाणी ओतलं. ते वर्धेत गेलं, प्राणहितेत आलं आणि अहेरीच्या बाजूने पुढे निघालं. अहेरीच्या दगडापाशी आफ्रीन उभी होती.

"म्हणजे तुमच्या गावचं पाणी आमच्या दारावरून जाते," ती म्हणाली. "बिना विचारता."

"आम्ही तं रोजच पाठवतो," कैफ म्हणाला. "तुम्ही कधी थँक्यू म्हटलं?"

मित्रांनो, हे ऐकताना मला फार मजा येई. पाहुणे येत, फोटो काढत, माझं कौतुक करत. साथीच्या काळात शाळा बंद राहिली तेव्हा मात्र माझ्यावर गवत उगवलं. भामरागडच्या डोंगरावर बकरी बसे आणि ताडोबाच्या तळ्यात बेडूक राहायला आला. मुलं परतली आणि त्यांनी मला घासून स्वच्छ केलं. बेडकाला राहू दिलं.

पुढे मॅडम निवृत्त झाल्या. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. मला कुणी सांगितलं नाही. एका सकाळी मुलं चपला काढून माझ्याभोवती उभी राहिली आणि कुणीच पाणी ओतलं नाही, तेव्हा मला कळलं.

त्यानंतर मॅडमची मुलगी तहसीन नागपूरहून आली. तिने मला पाहिलं. माझ्या कडा झिजल्या होत्या, डोंगरांचे पोपडे निघाले होते. आईच्या हातचं एवढंच उरलं आहे आणि तेही मुलांच्या पायांनी संपेल, असं तिला वाटलं असावं. तिने फारूकमामांकडून माझी डागडुजी करवली, ऑइलपेंट लावला, भोवती लोखंडी कठडा बसवला. पाटी लावली : नकाशावर पाय ठेवू नये.

प्रफुल सर आता भूगोल शिकवतात. ते मॅडमचेच विद्यार्थी. कठडा नको, असं त्यांना सांगायचं होतं, पण तहसीनचा चेहरा पाहून त्यांनी एक लांब बांबू आणला. कठड्याबाहेरून त्या बांबूने ते नद्या दाखवू लागले. मुलं जांभया देऊ लागली. मी कधी नव्हतो इतका देखणा झालो होतो आणि कुणाच्याच कामाचा राहिलो नव्हतो. असंच चाललं तर माझी समाधी होईल, अशी मला भीती वाटली.

नागपूरला परतण्याआधी तहसीन भूगोलाचा एक तास पाहायला आली. वर्गात दीपिका नावाची नवीन मुलगी होती, मुलचेऱ्याकडच्या गावातली. ती हातात दगड घेऊन कठड्याशी उभी राहिली.

"सर, माझं गाव कुठी बसवू?"

सरांनी बांबू लांबवला. "इथी कुठीतरी येईन. दिना नदीच्या जवळ."

"कुठीतरी कसं? नदीच्या इकडं का तिकडं? आमच्या घरून नदी ओलांडा नाई लागत शाळेत जायाले."

फारूकमामा कोपऱ्यातून म्हणाले, "पाटी वाच बेटा. आता दगड फेकूनच माराव लागते."

मुलं हसली. तहसीन हसली नाही. ती दीपिकाच्या हातातल्या दगडाकडे पाहत होती. मग तिने कठड्याची साखळी काढली, चपला बाहेर ठेवल्या आणि दीपिकाचा हात धरून माझ्यावर पाऊल टाकलं.

"मामू, छिन्नी आणा," ती म्हणाली. "रंग खरवडावा लागेल."

"आताच तं वाळला," मामा कुरकुरले, पण छिन्नी त्यांच्या पिशवीतच होती.

दोघी गुडघे टेकून नदीचा काठ शोधू लागल्या. दगड बसला. दीपिकाने पाणी ओतलं. ते दिनेतून प्राणहितेत आलं, तहसीनच्या पावलांवरून गेलं. ती बाजूला झाली नाही. पाणी गोदावरीला मिळेपर्यंत ती मुलांबरोबर चालत गेली, आणि मग म्हणाली, "आता कोणाचं गाव?"

सगळेच हात वर झाले. कठड्याचे पाइप आता मैदानावर व्हॉलीबॉलच्या जाळीला लागले आहेत.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपावं, हे खरंच. पण आमच्यातल्या काही वस्तू वापरल्या तरच जगतात. मी पुन्हा झिजेन, तेव्हा मला थोडं सिमेंट लावा. कधी अहेरीला आलात तर चपला बाहेर काढा, तांब्या भरून घ्या, आणि सरळ माझ्या अंगावर या.