आईचं नाव गाळू नका

"नाव घ्यायचं तर पुरतं घे, फेर्मिन. बापाचं घे, आईचं घे. अर्ध्या नावाने हाक मारली की भलताच माणूस उठून येतो."

दोन्या आम्पारोंचा, म्हणजे आम्पारोबाईंचा, हा आवाज कानी पडला तेव्हा मला पाठ नव्हती की पुठ्ठा नव्हता. टाइपरायटरच्या रुळावर गुंडाळलेला एक कागद, एवढंच माझं अंग. कायदा शिकवणाऱ्या त्या बाई खिडकीशी उभ्या राहून सांगत होत्या आणि चोवीस वर्षांचा फेर्मिन, कार्यालयात नुकताच लागलेला कारकून, दोन बोटांनी टंकत होता.

मित्रांनो, मी एक जुनं नियमपुस्तक आहे. बोलिव्हियाच्या उंच पठारावरच्या एका विद्यापीठाचं. विद्यार्थ्यांनी कसं वागावं आणि एखादा चुकला तर मोठ्यांनी त्याच्याशी कसं वागावं, असे माझे दोन भाग. पहिला सगळ्यांना तोंडपाठ. दुसरा ऐकवता ऐकवता माझा घसा सुकला.

त्या दुसऱ्या भागातलं चौदावं कलम माझं काळीज. आमच्याकडे माणसाला दोन आडनावं, आधी बापाचं, मग आईचं. आणि पठारावर मामानी आडनावाचे इतके की बाजारात "ए मामानी!" म्हणून हाक दिली तर निम्मा बाजार मान वळवतो. माझ्या जन्माआधी एका मामानीच्या अपराधासाठी दुसऱ्याच मामानीला काढून टाकलं होतं. तो खाणीत उतरला, तो उतरलाच. त्याच्यासाठी बाईंनी लिहिलं: विद्यार्थ्याचं नाव दोन्ही आडनावांसह पूर्ण लिहावं, मूळ तक्रार त्याच्या हातात द्यावी, त्याचं म्हणणं ऐकावं, मगच शिक्षेचं बोलावं.

छापून आले तेव्हा काय कौतुक! पितळी वाद्यं वाजली, माझ्यावर रंगीत कागदाचे तुकडे उधळले, धरणीमातेच्या नावाने दोन थेंब मद्य शिंपडलं. कुलगुरूंनी मला कपाळाला लावलं. तिथून पुढे कपाळ माझंच फुटलं.

आम्ही दोनशे भावंडं होतो. कोणी प्रोजेक्टरच्या पायाखाली गेलं, कोणी दार वाऱ्याने आपटू नये म्हणून फटीत बसलं. मी शिस्त समितीच्या टेबलावर राहिले म्हणून वाचले. वाचले म्हणजे जगले हो. वाचलं कोणीच नाही. मला आपटून माश्या मारल्या. माझा पंखा करून वारा घेतला. वर माझ्या तोंडी वाट्टेल ते घातलं! "जिन्यावर गिटार वाजवायची नाही, नियमात आहे." कुठे आहे? दाखवा ना! माझ्या पोटात गिटार हा शब्दच नाही. एक्केचाळिसावं पान मात्र झिजून झिजून पापडासारखं झालंय. शिक्षेचं पान ते. मला उघडलं की मी आपसूक तिथेच उघडते, मोडलेल्या बिजागरीच्या दारासारखी. मलाच माझी लाज वाटते.

आणि चौदावं कलम? समितीचे अध्यक्ष डॉक्टर उर्किदी. आमच्याकडे वकिलालाही डॉक्टर म्हणतात. रोज साडेदहाला त्यांची साल्तेन्या येते, आत रस्सा भरलेली गरम करंजी. ती न सांडता खाणं ही कला आहे आणि डॉक्टरांना ती साठीतही जमलेली नाही. एका सकाळी सगळा रस्सा माझ्या नवव्या पानावर. त्यांनी "हुश्श, शर्ट वाचला!" म्हणून मला मिटलं. नववं आणि दहावं पान जे चिकटलं ते चिकटलंच. अकरा वर्षं माझं काळीज रश्श्यात बंद होतं, आणि कोणाला पत्ता नाही.

मग गेल्या बुधवारी निएवेस आली.

शेवटच्या वर्षाची मुलगी, परिचारिकेचं शिक्षण घेणारी. ऑगस्टमध्ये तिला गावाकडच्या दवाखान्यात रुजू व्हायचं होतं. त्या दवाखान्याला दोन वर्षं परिचारिका नाही. तिच्यावर आरोप असा की दुसऱ्याचा प्रबंध उतरवून आपल्या नावाने दिला. शिक्षा, दोन वर्षं बाहेर. तक्रार करणारे शिक्षक परगावी गेलेले. टेबलावर फक्त दॉन फेर्मिननी भरलेला तक्त्याचा कागद होता. होय, तोच फेर्मिन. आता डोक्यावर केस नाहीत, नावापुढे मानाचं दॉन आहे, आणि त्या बुधवारी निवृत्तीला उरले होते दोन दिवस.

मुलीबरोबर तिची आई दोन्या सातुर्निना होती, बाजारातलं बटाट्याचं दुकान झाकून आलेली, डोक्यावर गोल हॅट, खांद्यावर शाल.

"आईने बाहेर थांबायचं," डॉक्टर म्हणाले.

"बाहेरचा बाक मोडलाय, साहेब. मी इथे उभी राहते. उभं राहायला काही पैसे पडत नाहीत ना?"

डॉक्टरांनी उसासा टाकला. "हं, बोल पोरी. कशाला केलंस?"

"मी नाही केलं. तो विषयच माझा नाही, डॉक्टर."

"सगळे हेच म्हणतात."

"मग सगळ्यांना विषय तरी विचारत जा."

"तोंड बघा हिचं!" डॉक्टरांनी मला उचललं आणि टेबलावर धाडकन आपटलं. माझ्या शिवणीचा एक टाका गेला. "हे पुस्तक काय म्हणतं माहितीय तुला?"

"नाही," निएवेस म्हणाली. "द्या ना इकडे. बघते."

मित्रांनो, चौतीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

डॉक्टर इतके गोंधळले की त्यांनी मला खरंच तिच्या हातात दिलं. मी सवयीने एक्केचाळिसाव्या पानावर उघडले. तिने ते ओलांडून मला सुरुवातीपासून धरलं. एक, दोन, तीन. बोट ओळीवर ठेवून, ओठ हलवत. आठव्यानंतर थांबली.

"इथे दोन पानं चिकटलीत."

"चिकटली असतील. जुनं आहे ते. साडेदहा वाजत आले, आवरा आता."

दोन्या सातुर्निना पुढे आल्या. शालीची लांब टाचणी त्यांनी उपसली, दात-ओठ न खाता, घाई न करता, उकडलेल्या बटाट्याचं साल सोडवावं तशी पानांच्या मधून फिरवली. दुखलं मला, खोटं का सांगू? पण कर्रकर्र करत वारा आत आला तेव्हा इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं!

"शी, मांसाचा वास येतोय," त्या म्हणाल्या. डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले.

निएवेसने चौदावं कलम मोठ्याने वाचलं. अगदी दोन्या आम्पारोंनी सांगितलं होतं त्याच शब्दांत. कोपऱ्यात नोंद लिहीत बसलेल्या दॉन फेर्मिनचं पेन कागदावर थांबलं.

"तो तक्ता बघू," दोन्या सातुर्निना म्हणाल्या. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला. "निएवेस मामानी क. हे काय? क म्हणजे?"

कोल्के आणि चोके ही दोन आडनावं स्पॅनिशमध्ये एकाच अक्षराने सुरू होतात. तक्त्यातला रकाना अरुंद. कागद वाचवायला दॉन फेर्मिननीच तो पट्टीने तसा आखलेला. वर्षानुवर्षं त्या फटीत आयांची आडनावं एका अक्षराची होऊन बसली होती.

"म्हणजे कोल्के, बाई. तुमचंच की!" डॉक्टर म्हणाले.

"मला कसं कळावं? मामानी हे हिच्या बापाचं, ते तर अर्ध्या शहराचं आहे. ही माझी पोर कशावरून? मी कुठे आहे ह्या कागदावर?"

समितीतल्या दुसऱ्या दोन प्राध्यापकांनीसुद्धा मोबाईल खाली ठेवले.

"मूळ तक्रार दाखवा," निएवेस म्हणाली. "कलमात आहे."

"ती... शिक्षकांकडे असेल," डॉक्टर पुटपुटले. "फेर्मिन, आहे का हो आपल्याकडे?"

मी त्या वेळी ओरडले असते, मित्रांनो! मी पुन्हा टेबलावर होते, आणि टेबलाचा खण माझ्या खालीच. सोमवारी त्यात काय सरकलं ते मी बघितलं होतं. पण पुस्तकाला जीभ नसते, उघडणाऱ्याची जीभ तीच त्याची. म्हणून तर जीव तोडून सांगते. मला मखमलीत गुंडाळू नका, माझ्यावर कागदाचे तुकडे उधळू नका. माझ्या नावाने कोणाला दम देण्याआधी मला उघडा. शेवटच्या पानाकडून नको, पहिल्याकडून. आणि समोर जे लेकरू उभं आहे त्याला पुरत्या नावाने विचारा. एवढंच तर लिहिलंय माझ्यात! किती कठीण आहे हो ते?

दॉन फेर्मिननी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून बसले. मग खण उघडला आणि घडी घातलेली मूळ तक्रारीची चिठ्ठी माझ्या शेजारी ठेवली.

"ह्यात चोके लिहिलंय, डॉक्टर. कोल्के नाही. दुसरी मुलगी आहे. सोमवारीच बघितलं मी." त्यांचा आवाज चोवीस वर्षांच्या पोरासारखा कापत होता. "शुक्रवारी पदक देणार आहेत मला, एकही चूक केली नाही म्हणून. म्हटलं, तेवढे दिवस जाऊ देत."

मग ते उठले, हॅट घातलेल्या त्या बाईसमोर जाऊन उभे राहिले.

"दोन्या सातुर्निना कोल्के," ते म्हणाले, "तुमचं नाव मी गाळलं."