भातगिरणीच्या पायातली तार

मित्रांनो, मी एक जुनी, चपटी पोलादी तार आहे. माझे सारे आयुष्य भिंतींच्या पोटात गेले. कारखान्यात मला तापवून, पाणी देऊन लवचीक केले. पुण्याच्या दुकानातून रखमाजी वायरमननी मला भोरला आणले. भोरात तेव्हा घरोघरी वीज नुकती येत होती. विजेची वायर मऊ. भिंतीत पुरलेल्या लांब नळीत ढकलली तर मधेच गोळा होते. म्हणून आधी मी शिरायचे. पलीकडे निघाले की माझ्या टोकाला वायर बांधून रखमाजी मला मागे ओढायचे.

माझे टोक त्यांनी विस्तवावर धरून गोल वळवले होते, म्हणजे ते नळीच्या सांध्यात रुतत नसे. वर चिंधी गुंडाळून साबण चोळायचे. त्यांच्या पत्नी ठकुबाई कुरकुरायच्या, "घरात अंगाला साबन न्हाई, आन् तारंला रोज आंघुळ!"

तरीही मी वळणावर अडकायचे. नळी चहूकडून आवळायची. जीव कोंडायचा. रखमाजी मात्र जोर करत नसत. जरा मागे घेत, पीळ देत, पुन्हा हळूच सरकवत.

एका दुपारी बाजारातल्या भातगिरणीची मागची भिंत कोसळली. तिला फुगवटा आला होता, तरी मालकाने तिला टेकून पोती रचली होती. तांदूळ पाखडणाऱ्या बनाबाई आत सापडल्या. दोन तुळया आडव्या पडल्या म्हणून त्या वाचल्या, पण पाय दगडाखाली होता.

"पानी द्या कुनीतरी..." त्यांचा घसा धुरळ्याने बसत चालला होता.

लोक दगड उपसू लागले तसा ढिगारा खचला. आतून किंकाळी आली. सगळे जागीच थांबले. आता टेकू देत एकेक दगड काढायचा म्हणजे संध्याकाळ होणार होती.

रखमाजींनी मला एका फटीत सरकवले. इथे नळी नव्हती. नुसत्या दगडांच्या धारा. एका जागी मी घट्ट रुतले. वरून खडे घरंगळले.

"हाना की जोरात!" कोणीतरी ओरडले.

"जोर केला तर दगूड तिच्यावर जाईल. गप ऱ्हावा," रखमाजी म्हणाले आणि त्यांनी मला हलकेच पीळ दिला. मी सुटले. आत चाचपडणारी बोटे मला लागली.

"घावलं! काय हाय ह्ये?"

"तार हाय, बनाबाय. मागं रबरी नळी बांधलीया दवाखान्याची. बेताबेतानं वढून घ्या."

बनाबाईंनी मला सगळीच्या सगळी आत ओढून घेतले. नळी पोचली, पाणी आले, त्या घटाघटा प्यायल्या. मग त्याच नळीतून त्यांचे पती कोंडिबा बोलले, "बने, भ्यायचं न्हाई. म्या हितंच हाय."

बनाबाई रडल्या. मी त्यांच्या मांडीवर वेटोळे होऊन पडले होते. जन्मात पहिल्यांदाच माझे दुसरे टोक बाहेर कोणाच्याही हाती नव्हते.

दिवस मावळता त्यांना बाहेर काढले. पाय मोडला होता, जीव शाबूत होता.

"रखमाजी, तुमची तार ऱ्हायली आत," त्या म्हणाल्या.

"ऱ्हाऊ द्या. तुमी आलात न्हवं!"

पुढे तेच दगड नव्या भिंतीच्या पायात भरले. त्यांच्यासंगे मीही. तेव्हापासून मी इथेच आहे. कूस बदलायलाही जागा नाही.

मित्रांनो, मला काढा असे मी म्हणत नाही. पण भिंत फुगलेली दिसली, तर तिच्याजवळच्या माणसांना आधी बाहेर बोलवा. दगडांखाली एक मी आहे, तेवढे पुरे.