सासूबाईंच्या गालावरचे डाग

सकाळी साडेदहाला नणंदेने फ्रेम टेबलावर ठेवली. आत ओल शिरून फोटो काचेलाच चिकटला होता, आणि बुरशी हनुवटीपर्यंत चढली होती. सासूबाईंचा हा एकुलता एक फोटो.

फ्रेमा बनवणाऱ्या वहिनीला उपाय ठाऊक होता. फोटो जुना, डार्करूममध्ये धुतलेला असेल, तर काचेसकट पाण्यात भिजवला की अलगद सुटतो. पण तो प्रिंटरवर काढलेली नक्कल असेल, तर शाईबरोबर चेहराही वाहून जायचा. नकलेत शाईचे ठिपके दिसतात. ते बघायला तिने हातात मावणारे तीन स्वस्त मायक्रोस्कोप दुकानातून आणले होते. एक ठेवायचा, दोन परत करायचे.

सगळ्यात जास्त मोठं दाखवणारा तिने आधी लावला.

"काय दिसतंय, वहिनी?"

"ताक."

"आईच्या तोंडावर?"

त्या मायक्रोस्कोपचं नाक थेट कागदाला टेकावं लागतं आणि मध्ये काच आहे, म्हणून सगळं पांढरं धूसर, हे तिच्या उशिरा ध्यानात आलं. बल्बवाल्या दुसऱ्यातून गालावर पिवळट डाग दिसले. शाई की बुरशी, देव जाणे. तिसऱ्यातून गाल लोण्यासारखा स्वच्छ.

"तीन साक्षीदार, तीन जबान्या," नणंद म्हणाली. "तू नक्की काय विकत घेणार आहेस?"

"डोकं मिळतं का बघते, वन्सं."

खाली एका कोपऱ्याला काच फुटून कागद उघडा पडला होता. पहिला मायक्रोस्कोप तिथे टेकवला, तर निळे-गुलाबी ठिपके रांगेत उभे.

"नक्कलच!" वहिनी म्हणाली. मग तिचं नख एका बारीक रेघेला अडलं. कोपरा वेगळ्या कागदाचा होता, मागून जोडलेला.

तिने नवऱ्याला स्पीकरवर फोन लावला.

"उंदराने खाल्ला होता तो. मीच जोडला," तो म्हणाला. "का सगळा फोटोच नवा काढला होता? आणि मग कोपरा... थांब, आठवतो."

"दादा, आई आहे ती, हरवलेली किल्ली नव्हे!" नणंद ओरडली. फोन कटला होता.

ठेवला तर बुरशी खाणार, भिजवला तर कदाचित पाणी. वहिनी एकदा गालाकडे बघे, एकदा कोपऱ्याकडे. कोपरा नक्कल होता, पण गाल अस्सलही असू शकत होता.

"तुमची आई. तुम्हीच सांगा," ती शेवटी म्हणाली.

"मला काय कळतंय त्यातलं?"

संध्याकाळी साडेसहापर्यंत पसरट ट्रेमध्ये पाणी भरून झालं होतं. फोटो अजून कोरडा होता, नणंदेच्या मांडीवर. तिच्या दादाचा फोन लागत नव्हता.